खर्जाची वहिवाट

आपल्या मालकीच्या चार भिंतींच्या आत गृहस्थाने काय करावे, ह्याविषयी आपला दिवाणी कायदा बराच उदार आहे. परंतु त्या भिंती ओलांडून शेजाऱ्याच्या हद्दीत आपले काय जावे, ह्याविषयी मात्र तो कमालीचा दक्ष आहे. सांडपाणी जाता कामा नये, धूर जाता कामा नये, फणसाची फांदी गेली तर तिच्यावरील फळ कोणाचे ह्यावर दोन पिढ्या दावे चालतात, आणि शेजाऱ्याच्या बांधावरून विहिरीकडे जाण्याची वहिवाट सिद्ध करावयाची तर पक्षकाराला आजोबांच्या काळचे साक्षीदार उभे करावे लागतात. असा सर्व बंदोबस्त असता मंद्र सप्तकातील एखादा स्वर मात्र कोणतीही सनद, दस्तऐवज किंवा साक्षीपुरावा न दाखविता एका सदनिकेतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि जिन्याच्या वाटेने थेट पार्किंगमध्ये डुलक्या घेणाऱ्या रखवालदारापर्यंत निर्वेधपणे जातो, ही गोष्ट महसूल खात्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्याच्याही ध्यानात, बेस गिटार नावाचे वाद्य राहत्या घरी ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प सोडीपर्यंत, कधी आली नव्हती.

ज्यांचा ह्या वाद्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे प्राप्त आहे. साध्या गिटारीहून लांब मानेचे व चार जाड तारांचे हे वाद्य कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने १९५१ साली बाजारात आणिले. हा गृहस्थ मूळचा रेडिओदुरुस्तीचा दुकानदार. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे, आणि कदाचित म्हणूनच वाजविणाऱ्यांच्या अडचणी त्याला वाजविणाऱ्यांहून अधिक स्पष्ट दिसत असाव्यात. तोपर्यंत खर्जाचे काम मनुष्याहून उंच अशा डबल बेसकडे असे. तो मोटारीच्या टपावर बांधून न्यावा लागे, आणि इतका खटाटोप करून मंडपात नेऊन उभा केल्यावर तुताऱ्या व ढोल ह्यांच्या गदारोळात तो वाजतो आहे की नुसता उभा आहे, हे श्रोत्यांस कळण्याचा मार्ग नसे. फेंडरने तारेची लांबी ३४ इंच धरली, बोट किंचित मागेपुढे पडले तरी स्वर जागेवरच लागावा म्हणून मानेवर पडदे बसविले, आणि ह्या अचूकपणाची हमी नावातच देऊन वाद्याला ‘प्रिसिजन बेस’ म्हटले. त्याच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदास सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या परिभाषेत पांढरी तीन. मात्र ती शोधावयास नेहमीच्या पेटीचा डावा काठ संपल्यावरही बरेच खाली उतरावे लागते.

एवढ्या खोल मुलुखात राहणाऱ्याच्या वाट्याला लौकिक तो कितीसा यावयाचा? राहुलदेव बर्मन ह्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत; ती गाणी ज्यांच्या ओठांवर आहेत अशा लक्षावधी रसिकांना हे नाव विचारून पाहावे. खर्ज चालू असता कोणाच्या ध्यानात येत नाही आणि थांबला म्हणजे ‘गाणं अचानक पोकळ का झालं’ म्हणून लोक गायकाकडे पाहू लागतात. आमच्या खात्याच्या हौशी वाद्यवृंदात मी नोकरीच्या सबंध उत्तरार्धात हे वाद्य वाजविले. स्नेहसंमेलनाच्या निवेदकाने गायकास ‘गुणी’, तबलजीस ‘जादुई बोटांचे’ आणि बासरीवाल्यास ‘साक्षात कन्हैया’ अशा पदव्या वाटून झाल्यावर माझ्याकडे वळावे, कागद चाचपावा, आणि ‘आणि मागे उभे आहेत ते आपले साहेब’ एवढ्यावर माझी बोळवण करावी, असा शिरस्ताच पडून गेला होता.

निवृत्तीनंतर ह्या वाद्यवृंदाची पांगापांग झाली. गायक नागपुरास गेले, तबलजी कोल्हापुरास मूळ घरी परतले, गिटारवाले नातवंडे सांभाळण्यासाठी न्यू जर्सीत मुलाकडे स्थायिक झाले, आणि मी पुण्यातील एका सहकारी गृहरचना संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर उरलो. तेव्हा ज्याने त्याने आपला भाग आपल्या घरी संगणकावर मुद्रित करून पाठवावा व नंतर सर्वांची मोट बांधावी, असा ठराव दूरध्वनीवरून एकमताने संमत झाला. ह्या ठरावाची अंमलबजावणी करण्यासाठी मजकडे साधने होती ती अशी: एक चार तारांचे वाद्य, चिरंजीवांनी नवा घेतल्यामुळे वडिलांकडे वर्ग झालेला लॅपटॉप, वाद्याची तार ह्या लॅपटॉपात शिरावी म्हणून मध्ये ठेवावयाची साऊंड कार्ड नावाची पत्र्याची पेटी, आणि वाद्यवृंदाच्या काळापासून कचेरीच्या अभिलेखकक्षात पडून असलेला, पंधरा इंची स्पीकरचा, दोन हमालांनी उचलावयाचा ॲम्प.

“हा बाराही महिने इथंच राहणार का?” असे आमच्या सौभाग्यवतींनी तो दारातून आत येत असतानाच विचारले; आणि तो दिवाणखान्यात शिरला असता वीतभर सरकलेल्या देवघराकडे पाहून त्यांनी पुढचे प्रश्न राखून ठेविले.

ॲम्पच्या प्रकृतीविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. बेसच्या ॲम्पला मोठेपणाची हाव जन्मजात असते, कारण स्वर जितका खालचा तितकी अधिक हवा हलवावी लागते. १९६९ साली ॲम्पेग कंपनीने ‘एसव्हीटी’ नावाचा जो ॲम्प काढिला तो ३०० वॉटचा असून त्याच्या एकेका पेटाऱ्यात दहा-दहा इंचांचे आठ स्पीकर असत. क्रीडांगणावर जमलेल्या जनसमुदायासाठी तो योजिला होता व तेथे तो शोभतोही. परंतु मनुष्यस्वभाव असा, की क्रीडांगणासाठी केलेली वस्तू त्याला दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीत आणिल्यावाचून चैन पडत नाही.

आणि ह्याच खोलीत खर्जाचा खरा स्वभाव प्रथम प्रकट झाला. सेकंदास ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट पुरती उलगडावयास सुमारे २७ फूट जागा लागते. ती आमच्या खोलीत कोठून मिळावी? लाट भिंतीवर आपटते, परतते, येणाऱ्या लाटेला भेटते, आणि दोघींची बेरीज-वजाबाकी होऊन खोलीत काही जागी स्वर दुप्पट गर्जतो व काही जागी नाहीसा होतो. बारा फुटांच्या लांबीत हा प्रकार सेकंदास ४७ कंपनांच्या आसपास सर्वांत तीव्र असतो. म्हणजे आमच्या गाण्याचा षड्ज जी खालची पांढरी पाच, ती खोलीच्या कोपऱ्यात पूर येऊन वाहत असे, आणि खोलीच्या मध्यभागी, जेथे पंख्याखाली खुर्ची टाकून स्वतः वादक बसलेला, तेथे तिचा मागमूसही नसे. मी आवाज वाढवी. कोपऱ्यातील कपाटाचे दार थरथरे, खिडकीचे तावदान वेगळ्याच लयीत साथ करी, आणि मजपर्यंत मात्र तारेवर बोट घासल्याचा तेवढा आवाज पोचे. ज्याने स्वर उत्पन्न केला त्याच्यापुरताच तो वगळून बाकी सर्वांना पोचविण्याची ही व्यवस्था निसर्गाने कोणत्या हेतूने केली असावी, ह्याचा शोध पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात लागत नाही.

त्यात मनुष्याच्या कानाचीही भर आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन ह्या दोघांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान केला असता आपला कान सर्व स्वरांना सारखे लहान करीत नाही. खालच्या स्वरांवर त्याची विशेष गैरमर्जी होते व ते प्रथम दिसेनासे होतात. म्हणून जो सद्गृहस्थ रात्री शेजाऱ्यांची झोपमोड नको ह्या शुद्ध हेतूने हळू वाजवावयास बसतो, त्याला आपला खर्ज फारच क्षीण वाटतो, तो खर्जाचे बटण उजवीकडे पिरगाळतो, आणि सद्हेतूपायी दिवसाहून अधिक उपद्रव देऊन झोपी जातो.

भिंतींचा इलाज करून पाहावा, तर भिंतींचेही इमान खर्जाशीच. कोणत्याही भिंतीचा अडविण्याचा जोर, स्वर एका सप्तकाने उतरला की अदमासे सहा डेसिबलने घटतो. म्हणून गायिकेची तान शेजारी ऐकू येत नाही, बासरी येत नाही, आणि खर्ज तेवढा दरवाजा ठोठावण्याचे सौजन्यही न दाखविता आत येऊन बसतो. चिरंजीवांच्या एका मित्राने भिंतींस अंड्यांचे पुठ्ठे चिकटविण्याचा सल्ला दिला. ज्या घरात आजवर अंडे आले नव्हते त्या घरात अंड्यांचे पुठ्ठे आले, सासूबाईंनी तीन दिवस त्या खोलीत पाऊल टाकिले नाही, आणि उपयोग म्हणाल तर टाळीचा प्रतिध्वनी किंचित कमी झाला. असल्या पातळ वस्तूंनी वरचे स्वर शोषले जातात. खालच्या स्वराला थोपवावयाचे तर मऊ थर त्याच्या लाटेच्या चतुर्थांशाइतका जाड हवा, म्हणजे सुमारे सात फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींना सात-सात फुटांच्या गाद्या लाविल्यावर आमच्या बारा फुटी खोलीत उणे दोन फूट जागा उरते. तेवढ्यात वादकाने वाद्यासह बसावयाचे.

शिवाय हवेची वाट बंद केली तरी जमिनीची उघडीच राहते. ॲम्प फरशीवर ठेविला की त्याची कंपने स्लॅबमध्ये उतरतात, आणि आमचा स्लॅब तेच अण्णांचे छत. दुसऱ्या मजल्यावरील हे अण्णा वयोवृद्ध, शिस्तप्रिय, दुपारी दोन ते चार वामकुक्षी घेणारे, आणि संस्थेच्या घटनेचे एकमेव वाचक. ॲम्पखाली रबराचे तुकडे घातले, त्याखाली जुनी सतरंजी घातली. धक्का काहीसा मंदावला, परंतु अण्णांची लेखी तक्रार सेक्रेटरींच्या मार्फत आलीच. तिच्यात ‘अज्ञात यंत्रापासून भूकंपसदृश हादरे’ असा उल्लेख असून, ते यंत्र पीठगिरणीचे असल्यास निवासी जागेत तशी परवानगी आहे किंवा कसे, अशी पृच्छा होती.

प्रकरण कार्यकारी समितीपुढे चालले. आयुष्यभर इतरांच्या कैफियती वाचल्यामुळे माझी कैफियत मी मोठ्या तयारीने लिहिली होती. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी वस्तीत दिवसा ५५ व रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल एवढी मर्यादा घालतात. आणि ह्या मोजणीतील मेख अशी, की ती कानाच्या कलाप्रमाणे करावयाची असल्यामुळे खालच्या स्वरांना मापातच सूट मिळते. सेकंदास ५० कंपनांच्या आसपास ही सूट सुमारे ३० डेसिबलची आहे. एवढी सवलत आमच्या खात्याने दुष्काळी तालुक्यांनाही कधी दिल्याचे मला स्मरत नाही. मी फोनवरील मापक सर्वांसमोर चालू केला, वरून चिरंजीवांकडून सर्वांत जाड तार वाजविली, काटा मर्यादेच्या पुष्कळ खाली राहिला, आणि त्याच वेळी अण्णांच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरची सर्व ताटे, वाट्या व एक पातेले एकसमयावच्छेदेकरून वाजू लागले.

“ते आकडे राहू द्या हो साहेब,” अण्णा म्हणाले, “आमच्या मांडणीवरची ताटं काय कायदा वाचून वाजतात का?”

कायदा माझ्या बाजूस व भांडी अण्णांच्या बाजूस अशी ही स्थिती झाल्यावर समितीने भांड्यांचा पुरावा ग्राह्य धरिला, आणि ॲम्प दुपारी चारनंतर व सायंकाळी सातपूर्वी, तोही ‘मर्यादित गांभीर्याने’ वाजवावा असा निर्णय दिला. ही बैठक चालू असता नदीकाठच्या मैदानावरून गणेशोत्सवाच्या तयारीस लागलेल्या पथकांचे ढोल इतके स्पष्ट ऐकू येत होते, की अध्यक्षांना निर्णय दोनदा वाचून दाखवावा लागला. परंतु त्याविषयी कोणाचीही तक्रार नव्हती, माझीही नव्हती. परंपरा म्हणून जे वाजते त्याचा आवाज होत नाही.

चार ते सात ह्या सनदशीर मुदतीत मुद्रणास बसावे, तर दुसरेच विघ्न उभे. तार छेडण्यापूर्वीच यंत्रातून एक अखंड, धीरगंभीर, श्वास न घेणारा गुंजारव येऊ लागला. ह्याला आमच्या व्यवसायात ‘हम येणे’ म्हणतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तने पुरी करितो, आणि बेसवरील खालची पांढरी पाच ४९ कंपनांची. म्हणजे ह्या देशात ज्या ज्या घरी वीज पोचली आहे त्या त्या घरी किंचित चढ्या पांढरी पाचचा तंबोरा सरकारने विनामूल्य बसवून दिलेला आहे. आमच्या गाण्याची पट्टी नेमकी तीच असल्यामुळे पहिल्या ऐकण्यात हा गुंजारव मला आवडलाही. अमेरिकेत हा प्रवाह ६० आवर्तने करितो. तेथील तंबोरा काळी पाच व पांढरी सात ह्यांच्या बरोबर मधोमध लागतो व कोणत्याच पट्टीस उपयोगी पडत नाही. न्यू जर्सीहून आलेल्या गिटारीच्या भागाखाली तोही मंदपणे घुमत होता. दोन राष्ट्रांचे विद्युत्प्रवाह एका मराठी भावगीताखाली एकमेकांशी हुज्जत घालीत असल्याचे ते दृश्य, किंवा श्राव्य, अपूर्व होते.

हमची कारणे शोधणे म्हणजे चुलत्यांच्या भांडणाचे मूळ शोधणे होय. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. लॅपटॉपचा चार्जर एका प्लगात, ॲम्प दुसऱ्या भिंतीच्या प्लगात, आणि दोघांच्या अर्थिंगमध्ये साऊंड कार्डाच्या तारेने जोडलेले एक वर्तुळ पूर्ण झालेले. त्या वर्तुळात हम सुखाने फिरत राहतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालविला, सर्व यंत्रे एकाच पट्टीत खोचली, म्हणजे पुष्कळसा हम जातो. अर्थिंगची पिनच काढून टाका, असे सुचविणारा एक हितचिंतक प्रत्येक इमारतीत असतो. त्याचे ऐकू नये, कारण त्याने हम जातो पण क्वचित वादकही जातो. उरला हम वाद्याच्या पिकअपचा: लोहचुंबकाभोवती गुंडाळलेल्या तारेचे ते वेटोळे, त्याला तारेचे कंपन आणि ट्यूबलाइटचे चोक ह्यांतील भेद कळत नाही. परंतु वेटोळ्याची दिशा बदलली की हा हम कमी-अधिक होतो, म्हणून मी वाद्य गळ्यात अडकवून खोलीत सावकाश स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली, आणि ईशान्येकडे तोंड केल्याबरोबर सर्वत्र निःशब्द शांतता पसरली. दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी हे पाहिले. वास्तुशास्त्राविषयीची माझी नास्तिक मते त्या दिवसापासून घरात कोणी गंभीरपणे घेत नाही.

आता मुद्रण कसे करावे, हा प्रश्न. ॲम्पसमोर माईक ठेवावा, की ॲम्पला वगळून वाद्याची तार थेट पेटीत घालावी, ह्यावर जाणत्यांत दोन तट आहेत. थेट पक्षाचा मोठा आधार म्हणजे डेट्रॉइट. तेथे वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर बेरी गॉर्डी ह्यांनी १९५९ साली एक राहते घर विकत घेऊन त्यात मोटाऊनचा स्टुडिओ थाटला, आणि जेम्स जेमर्सन ह्यांनी त्या घरात आपली बेस गिटार थेट कन्सोलमध्ये जोडून, उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने, वर्षानुवर्षे न बदललेल्या तारांवर जे वाजविले, त्यावर निम्मे जग नाचले. तबकड्यांवर वादकांची नावे छापण्याचा त्या कंपनीचा रिवाज नव्हता. जेमर्सन ह्यांचे नाव वेष्टनावर आले ते १९७१ साली, मार्विन गे ह्यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ह्या संचावर. ‘मागे उभे आहेत ते आपले साहेब’ हा प्रकार केवळ आमच्याच खात्यात नव्हता, हे वाचून मला जे समाधान झाले ते फारसे उदात्त नव्हते.

माईकपक्षाचा आधार लंडनचा. १९६६ साली बीटल्सच्या ‘पेपरबॅक रायटर’ ह्या गाण्यासाठी बेस पुरेसा भरदार येईना, तेव्हा पांढरे डगले घालून वावरणाऱ्या तंत्रज्ञांच्या त्या शिस्तबद्ध स्टुडिओत ॲम्पसमोर माईकऐवजी दुसरा एक मोठा स्पीकरच उलटा जोडून ठेविला गेला. आवाज देणे हे ज्याचे विहित कर्तव्य त्याच्याकडून आवाज घेण्याचे काम करविले. स्पीकर आणि माईक ह्यांची अंतर्गत रचना मुळात एकच असल्यामुळे हे साधते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेऊन मधला मार्ग काढण्याची सरकारी सवय मला असल्यामुळे मी दोन्ही केले: एक तार थेट, आणि ॲम्पसमोर फुटभर अंतरावर एक माईक. परिणाम असा, की दोन्ही स्वतंत्रपणे ऐकले असता भरदार, आणि एकत्र ऐकले असता दोन्हींहून पातळ. विजेचा संदेश तत्काळ पोचतो. हवेतून येणारा ध्वनी फुटामागे सेकंदाचा अदमासे हजारावा भाग उशिरा येतो. शिवाय वाटेत ॲम्पने लाटेचा शेंडा तो बुडखा केलेला असला तर थेट तारेची जमा आणि माईकचा खर्च एकमेकांस खाऊन खात्यावर शिल्लक काही राहत नाही. संगणकावर एक लाट उलटी करून किंचित मागे सरकविली की पैसे परत मिळतात. माईकच्या टेकमध्ये ह्याखेरीज समोरच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या, घंटागाडीचे गाणे, आणि “अहो, झालं का? पंखा लावू का आता?” हा आर्त प्रश्न, हेही मुद्रित झालेले होते, कारण माईक चालू असता पंखा बंद ठेवावा लागतो, आणि दिवस उकाड्याचे होते.

संगणकाचे पात्र ह्या नाट्यात दुय्यम आहे, तरी त्याची एक खोड सांगितली पाहिजे. सेकंदाचे ४४,१०० तुकडे करून प्रत्येक तुकड्याची नोंद तो इमानाने ठेवितो. परंतु नोंदी एकेक न करता गठ्ठ्याने करितो. गठ्ठा २५६ नोंदींचा ठेविला तर सेकंदाचे सहा सहस्रांश एवढा उशीर, जो जाणवत नाही; परंतु वयोवृद्ध लॅपटॉप तेवढ्या घाईने दमतो व तडतड आवाज काढू लागतो. गठ्ठा मोठा करावा तर आपण तार आता छेडावी आणि तिचा नाद कानी किंचित नंतर पडावा. वादक स्वतःची वाट पाहू लागतो, संगणक वादकाची, आणि गाणे हळूहळू विलंबित लयीत जाते. साऊंड कार्डावर स्वतःचा आवाज संगणकाच्या आधीच कानात घेण्याचे एक लहान बटण असते. ते दाबावे. ह्या बटणाची माहिती पुस्तिकेच्या अखेरच्या पानावर देण्याचे प्रयोजन मला कळलेले नाही.

अखेरीस भाग मुद्रित झाला, सर्वांची मोट बांधली गेली, गीत पुरे झाले, व ते सर्व जुन्या सहकाऱ्यांना, आप्तेष्टांना आणि समितीच्या सभासदांना फोनवर रवाना झाले. उत्तरे सत्वर आली. गायकाची स्तुती झाली, तबल्याची झाली, न्यू जर्सीच्या गिटारीची तर विशेष झाली. ‘साहेब, गाणं झकास! पण ह्यात तुम्ही कुठे आहात?’ अशी पृच्छा करणारे सातारचे एक माजी अव्वल कारकून एकटे नव्हते. त्यांचा दोष नाही. फोनमधील नखाएवढ्या स्पीकरला ४१ काय, त्याच्या दुप्पट कंपनांचाही स्वर काढता येत नाही. त्यातून येतात त्या केवळ मूळ स्वराच्या वरच्या उपस्वरांच्या सावल्या. त्यांच्यावरून कान मूळ स्वराचे अनुमान करितो आणि गैरहजर इसमाची हजेरीपटावर स्वतःच सही ठोकतो. हे अनुमान कानाच्या अंगच्या चांगुलपणावर अवलंबून असल्यामुळे त्यात वादकाला श्रेय मिळण्याची तरतूद नाही.

त्याच आठवड्यात अण्णा जिन्यात भेटले. मी नमस्कार करून बाजूस होत होतो, तर त्यांनी काठी आडवी धरून मला थांबविले.

“ते तिसऱ्या कडव्याच्या शेवटी,” ते म्हणाले, “तुम्ही आधी सरळ खाली यायचात. परवापासून एक स्वर मध्ये घेऊन उतरता. ते जास्त चांगलं लागतंय.”

गीतातील तो स्वर ज्यांना ऐकू आला असे ते एकमेव श्रोते. त्यांना गाण्याचे शब्द ठाऊक नव्हते, चाल ठाऊक नव्हती, गायक स्त्री की पुरुष हेही ठाऊक नव्हते. स्लॅबमधून आलेला खर्ज तेवढा त्यांनी वामकुक्षीनंतर रोज, अंथरुणावर पडल्या पडल्या, स्वरन् स्वर ऐकला होता.

ज्या वाचकांना हा उद्योग घरी करावयाचा असेल त्यांनी डेट्रॉइटचा कित्ता गिरवावा, तार थेट पेटीत घालावी, आणि ॲम्प ज्याचे शेत गावाबाहेर आहे अशा मित्रास भेट द्यावा. ज्यांना ऐकावयाचे असेल त्यांनी फोनला चांगले हेडफोन लावावेत. परंतु खर्जाचे मर्म खरोखरच जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी वादकाच्या खालच्या मजल्यावर बिऱ्हाड करावे. आमच्या इमारतीत अण्णांच्या शेजारची सदनिका सध्या रिकामी आहे.